हृदय दुरुस्त झाले. निगा मात्र जन्मभराची

काही महिन्यांपूर्वी एक माता आपल्या चोवीस वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्याकडे आली. मुलाला आखाती देशात नोकरी लागली होती. वैद्यकीय तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी त्याच्या छातीवरचा उभा व्रण पाहिला आणि जुने कागद मागितले. कागद घरात नव्हते. शस्त्रक्रिया झाली तेव्हा मुलगा तीन वर्षांचा होता. पुढे पाच-सहा वर्षे त्याला तपासणीला नेले. मग वडिलांचे निधन झाले, घर बदलले आणि फाईल कुठे गेली ते कोणालाच आठवेना. "फादर, डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, भोक बुजवलंय, पोरगा बरा झाला. इतकी वर्षं त्याला साधा खोकलासुद्धा नाही. मग आता हे सगळं कशाला विचारतात?" असा त्या माउलीचा प्रश्न होता.

आम्ही त्यांना एका हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठविले. तपासणीत आढळून आले की, फुप्फुसाकडे रक्त सोडणारी झडप वर्षानुवर्षे गळत होती आणि त्यामुळे हृदयाचा उजवा भाग बराच मोठा झाला होता. मुलाला कसलाही त्रास जाणवत नव्हता. वेळ हातची गेलेली नव्हती. पण आणखी काही वर्षे असेच चालले असते, तर ती गेली असती.

त्या मातेला दोष देण्याचे काहीच कारण नाही. तिने उसनवारी करून मुलाचे प्राण वाचविले होते. 'बरे होणे' आणि 'दुरुस्त होणे' या दोहोंतला फरक मात्र तिला कोणी समजावून सांगितला नव्हता. आपल्या धर्मग्रामांत आणि आसपास अशी अनेक कुटुंबे असावीत, असे वाटल्याने आम्ही जाणकारांशी बोलून हा लेख लिहीत आहोत. आम्ही वैद्य नाही. येथे दिलेली माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. प्रत्येक रुग्णाबाबतचा निर्णय त्याच्या डॉक्टरांनीच घ्यावयाचा असतो.

दोष नेमका कोणता?

जन्माला येणाऱ्या दर हजार बालकांपैकी सुमारे आठ ते नऊ बालकांच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो. काही दोष इतके किरकोळ असतात की ते आपोआप भरून येतात. काहींवर शस्त्रक्रिया करावी लागते. आपल्याकडे या सर्वांना सरसकट 'हृदयाला भोक' असे म्हटले जाते. वस्तुतः हे दोष अनेक प्रकारचे आहेत आणि प्रत्येकाची पुढील वाटचाल वेगळी असते. या लेखात आपण 'टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो' या एकाच दोषाचा विचार करणार आहोत. जन्मतः हृदयदोष असलेल्या दर शंभर बालकांपैकी साधारण सात ते दहा बालकांना हा दोष असतो. बालकाला निळे पाडणाऱ्या दोषांपैकी तो सर्वांत अधिक आढळणारा होय.

हृदयाचे चार कप्पे असतात. वरच्या दोहोंना कर्णिका आणि खालच्या दोहोंना जवनिका म्हणतात. शरीरातून आलेले अशुद्ध रक्त उजवी जवनिका फुप्फुसाकडे ढकलते; फुप्फुसात शुद्ध झालेले रक्त डावी जवनिका महाधमनीतून सर्व शरीराला पुरविते. टेट्रॉलॉजीमध्ये चार गोष्टी एकत्र बिघडलेल्या असतात. दोन जवनिकांमधील पडद्याला मोठे छिद्र असते. उजव्या जवनिकेतून फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते. महाधमनी आपली जागा सोडून थेट त्या छिद्रावर आलेली असते. आणि अरुंद वाटेतून रक्त ढकलताना जादा जोर लावावा लागल्याने उजव्या जवनिकेची भिंत जाड झालेली असते.

पुढची वाट अडलेली आणि शेजारी छिद्र मोकळे, अशा स्थितीत अशुद्ध रक्ताचा काही भाग फुप्फुसाकडे न जाता छिद्रातून सरळ महाधमनीत शिरतो. म्हणून बालकाचे ओठ आणि नखे निळसर दिसतात. रडताना वा दूध पिताना ते अधिक निळे पडते. थोडे मोठे झालेले मूल खेळता खेळता मध्येच थांबून उकिडवे बसते. आईला वाटते, पोर दमले. पण उकिडवे बसल्याने पायांतील रक्तवाहिन्या दाबल्या जातात, शरीराकडे जाणाऱ्या रक्ताला अडथळा वाढतो आणि अधिक रक्त फुप्फुसाकडे वळते. कोणी न शिकविता त्या मुलाने स्वतःवरचा उपाय शोधून काढलेला असतो.

एका बिशपांपासून सुरू झालेला इतिहास

आमच्या वाचकांना कदाचित आश्चर्य वाटेल. परंतु या दोषाचे पहिले वर्णन ज्यांनी केल्याचे मानले जाते, ते निकोलस स्टेनो पुढे कॅथलिक बिशप झाले. १६३८ साली कोपनहेगन येथे जन्मलेले हे डॅनिश शरीरशास्त्रज्ञ १६६७ साली फ्लॉरेन्स येथे कॅथलिक झाले. १६७५ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि दोन वर्षांनी ते बिशप झाले. एका मृत गर्भाचे विच्छेदन करताना त्यांनी हृदयातील ही विकृती पाहिली व तिची नोंद करून ठेवली. १९८८ साली पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले.

त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १८८८ मध्ये, फ्रान्समधील मार्सेय येथील डॉक्टर आर्थर फॅलो यांनी या चार बिघाडांचे एकत्रित वर्णन केले. त्यांचेच नाव या दोषाला मिळाले. निदान होऊ लागले, तरी उपाय नव्हता. अशी बहुतेक मुले बालपणीच दगावत.

२९ नोव्हेंबर १९४४ या दिवशी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात एका पंधरा महिन्यांच्या मुलीवर शस्त्रक्रिया झाली. हाताकडे जाणारी एक धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडून फुप्फुसाला जादा रक्त मिळवून देण्याची कल्पना डॉ. हेलन टॉसिग यांची. ती शस्त्रक्रिया डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी केली. आणि प्राण्यांवर प्रयोग करून तिचे तंत्र सिद्ध केले होते व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय साहाय्यकाने. थॉमस यांच्याकडे महाविद्यालयाची पदवी नव्हती. शस्त्रक्रियेच्या वेळी ते ब्लॅलॉक यांच्या मागे उभे राहून सूचना देत होते. त्यांना त्यांच्या कार्याचे मोल मिळण्यास बराच काळ जावा लागला; १९७६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

हा मार्ग तात्पुरत्या आरामाचा होता; मूळ दोष हृदयात तसाच राहत असे. हृदय उघडून दोष दुरुस्त करण्याचे काम ३१ ऑगस्ट १९५४ रोजी अमेरिकेतील मिनेसोटा येथे डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी प्रथम यशस्वी केले. कृत्रिम हृदय-फुप्फुस यंत्राचा वापर तेव्हा रुळला नव्हता. म्हणून शेजारच्या मेजावर एका निरोगी माणसाला झोपवून त्याच्या रक्ताभिसरणाशी रुग्ण बालकाचे रक्ताभिसरण जोडले जाई. त्या वेळेपुरते त्या निरोगी माणसाचे हृदय दोघांसाठी धडधडत असे. पुढल्याच वर्षी डॉ. जॉन कर्कलिन यांनी यंत्राच्या साहाय्याने ही शस्त्रक्रिया केली आणि मार्ग मोकळा झाला.

दुरुस्ती कशी होते आणि मागे काय उरते?

आज ही शस्त्रक्रिया शक्यतो बालकाच्या पहिल्या वर्षातच केली जाते. आपल्याकडे निदान उशिरा झाल्यामुळे किंवा पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत वेळ गेल्यामुळे अनेकांची शस्त्रक्रिया त्यानंतर होते. सर्जन छिद्रावर ठिगळ लावतात आणि फुप्फुसाकडे जाणारी अरुंद वाट रुंद करतात. अशुद्ध रक्त शुद्ध रक्तात मिसळणे थांबते. निळे ओठ गुलाबी होतात. आईबापांच्या दृष्टीने हा चमत्कारच असतो आणि त्यांचा आनंद यथार्थ आहे.

परंतु वाट रुंद करताना पुष्कळदा फुप्फुस-धमनीच्या तोंडाशी असलेल्या झडपेचे कडेच कापावे लागते. वाट मोकळी होते, पण झडप नीट मिटेनाशी होते. दर ठोक्याला पुढे गेलेल्या रक्ताचा काही भाग मागे परत येतो. अलीकडे सर्जन ही झडप शक्य तितकी राखण्याचा प्रयत्न करतात. तथापि, आज विशी-तिशीत असलेल्या अनेकांची झडप अशी गळती आहे.

सर्जनचे काही चुकले, असा याचा अर्थ नव्हे. बालकाचा जीव वाचविण्यासाठी दिलेली ती किंमत होती. गळणारी झडप अनेक वर्षे सहन होते. उजवी जवनिका परत आलेले रक्त सामावून घेण्यासाठी हळूहळू मोठी होत जाते. घराचे छप्पर गळू लागले की पहिल्या पावसात घर पडत नाही. पण वासे आतून कुजत राहतात. येथेही तसेच घडते. जवनिका फार मोठी झाली की तिचे आकुंचन मंदावते. मग झडप बदलूनही ती पूर्ववत होईलच असे नाही.

दुसरा धोका ठोक्यांच्या लयीचा. शस्त्रक्रियेच्या वेळी हृदयाच्या स्नायूंवर जे व्रण राहतात, तेथे विद्युतप्रवाहाची वाट अडते व वळसे घेऊ लागते. ताणलेल्या जवनिकेमुळे त्यात भर पडते. त्यातून ठोके एकाएकी अतिजलद वा अनियमित होऊ शकतात. क्वचित प्रसंगी हे प्राणावर बेतते. ईसीजीच्या कागदावर जवनिकेच्या आकुंचनाची जी रेघ उमटते, तिची रुंदी १८० मिलिसेकंद वा त्याहून अधिक असेल, तर अशा गंभीर लयबिघाडाचा धोका वाढलेला असतो, हे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसून आले. निरोगी माणसात ही रुंदी १२० मिलिसेकंदांच्या आत असते. एका साध्या, स्वस्त तपासणीतून इतके महत्त्वाचे कळू शकते.

याखेरीज कोणाच्या ठिगळाशेजारी लहान छिद्र राहते, कोणाची रुंद केलेली वाट पुन्हा अरुंद होते, तर कोणाची महाधमनी मुळाशी रुंदावत जाते.

हे वाचून कोणीही घाबरून जाऊ नये. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९५५ ते १९६० या अगदी सुरुवातीच्या काळात शस्त्रक्रिया झालेल्या आणि त्यातून सुखरूप बाहेर पडलेल्या १६३ रुग्णांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. बत्तीस वर्षांनंतर त्यांपैकी ८६ टक्के हयात होते. त्याच वयाच्या सर्वसामान्य लोकांत हे प्रमाण ९६ टक्के होते. याचा अर्थ दीर्घायुष्य मिळते. मात्र थोडी तूट राहते. ती तूट भरून काढण्याचे साधन म्हणजे नियमित तपासणी.

त्रास नसताना तपासणी कशाला?

हाच खरा कळीचा मुद्दा आहे. ज्या माणसाने निरोगी हृदय कधी अनुभवलेच नाही, त्याला आपली ताकद कमी झाल्याचे लवकर उमगत नाही. जिना चढताना दम लागला, तर तो जिना टाळतो. क्रिकेट खेळताना धाप लागली, तर पंच म्हणून उभा राहतो. विचारले, तर 'मी अगदी ठणठणीत आहे' असे मनापासून सांगतो. म्हणूनच 'त्रास झाला की जाऊ' हा हिशेब येथे चुकतो. त्रास सुरू होण्यापूर्वीची काही वर्षे हीच उपचाराची योग्य वेळ असते.

बहुतेक रुग्णांना वर्षातून एकदा हृदयरोगतज्ज्ञांकडे, आणि तेही जन्मजात दोषांची माहिती असलेल्या तज्ज्ञांकडे, जाणे आवश्यक असते. तेथे ईसीजी आणि इको या तपासण्या होतात. काही वर्षांच्या अंतराने हृदयाचा एमआरआय करतात. उजव्या जवनिकेचे आकारमान आणि झडपेतून किती रक्त मागे येते, हे त्यातून अचूक मोजता येते. ट्रेडमिलवर चालवून शरीराची क्षमता पाहिली जाते. ठोक्यांविषयी शंका असेल, तर चोवीस तास नोंद ठेवणारे होल्टर यंत्र लावतात. एका वर्षाच्या आकड्यापेक्षा आकडे वर्षागणिक कसे बदलत गेले, हे डॉक्टरांना अधिक सांगून जाते. म्हणून मागील अहवालांचे मोल मोठे असते.

दरम्यानच्या काळात श्रमाने पूर्वीपेक्षा लवकर धाप लागणे, छातीत एकाएकी धडधड सुरू होणे, पायांवर सूज येणे, यांपैकी काही जाणवले, तर पुढील तारखेची वाट पाहू नये. शुद्ध हरपली, तर ती उन्हाने आलेली भोवळ समजून कांदा हुंगवीत बसू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

झडप बदलण्याची वेळ

झडपेची गळती जास्त आणि जवनिकेचे आकारमान ठरावीक मर्यादेपर्यंत वाढलेले असेल, तर नवी झडप बसविण्याचा सल्ला दिला जातो. 'पुन्हा छाती उघडायची?' या विचाराने कुटुंब हादरते. काहींना वाटते, पहिली शस्त्रक्रिया फसली. तसे नसते. अनेकांच्या बाबतीत झडप बदलणे हा पहिल्याच उपचाराचा दुसरा टप्पा असतो. फक्त दोहोंमध्ये वीस-तीस वर्षांचे अंतर असते.

ही झडप बहुधा प्राण्यांच्या ऊतींपासून बनविलेली असते. ती साधारणतः दहा ते पंधरा वर्षे टिकते. लहान वयात बसविल्यास त्याहून लवकर झिजू शकते. २००० साली पॅरिसमध्ये प्रथमच छाती न उघडता, नळीद्वारे फुप्फुस-धमनीत झडप बसविण्यात आली. हा उपचार आता भारतातही होतो. जांघेतील शिरेतून नळी नेतात आणि रुग्ण काही दिवसांत घरी जातो. मात्र प्रत्येकाच्या हृदयाची रचना त्याला अनुकूल असतेच असे नाही. खर्चाचा प्रश्न मोठा आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या अनेक शस्त्रक्रियांचा समावेश आहे. नियम वेळोवेळी बदलत असल्याने योजनेतील रुग्णालयात असणाऱ्या आरोग्यमित्राकडे आधी चौकशी करावी.

दात, ताप आणि औषधे

हृदयाची निगा दातांपासून सुरू होते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती नाही. किडलेल्या दातांतून आणि सुजलेल्या हिरड्यांतून जंतू रक्तात शिरतात व हृदयातील कृत्रिम झडपेवर किंवा ठिगळाजवळ ठाण मांडू शकतात. हा संसर्ग गंभीर असतो. म्हणून दोन वेळा दात घासणे आणि दर सहा महिन्यांनी दंतवैद्यांना दाखविणे हा नियम पाळावा. दात काढताना वा हिरड्यांवर उपचार करताना आधी प्रतिजैविकाची मात्रा घ्यावी लागते ती मुख्यतः कृत्रिम झडप असलेल्यांना, पूर्वी असा संसर्ग होऊन गेलेल्यांना आणि ठिगळाजवळ गळती उरलेल्यांना. कृत्रिम ठिगळ लावले असेल, तर शस्त्रक्रियेनंतरचे पहिले सहा महिनेही. आपण यांत मोडतो का, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे व दंतवैद्यांना दाखवावे.

ताप काही दिवस रेंगाळला आणि कारण सापडेना, तर औषधाच्या दुकानातून परस्पर प्रतिजैविक आणून घेऊ नये. आधी रक्ताची कल्चर तपासणी व्हावी लागते. गोळ्या आधीच घेतल्या, तर जंतू सापडत नाहीत आणि निदान लांबते.

खेळ, नोकरी आणि लग्न

शस्त्रक्रिया झालेल्या मुलाला काचेच्या भांड्यासारखे जपण्याकडे पालकांचा कल असतो. त्याला खेळू देत नाहीत, सहलीला पाठवीत नाहीत. यात प्रेम आहे, पण हित नाही. बहुतेकांना चालणे, पोहणे, सायकल चालविणे हितकारक असते. मर्यादा किती असावी, हे तपासणीनंतर डॉक्टर सांगतात. अमेरिकेचा शॉन व्हाइट हा खेळाडू याच दोषासह जन्मला होता. तान्हेपणीच त्याच्या हृदयावर दोन शस्त्रक्रिया झाल्या. बर्फावरच्या स्नोबोर्डिंग या खेळात त्याने २००६, २०१० आणि २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके मिळविली. प्रत्येकाने पदक मिळवावे असे नाही. पण घरात बसून राहण्याचे कारण नाही, एवढे यातून निश्चित समजते.

लग्नाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मुलीच्या छातीवर व्रण असेल, तर तो झाकला जातो. स्थळ आले की घरातली थोरली मंडळी 'त्याविषयी बोलू नकोस' असे बजावतात. लपविलेली गोष्ट लग्नानंतर उघड होते आणि मग अविश्वास निर्माण होतो. त्याहून वाईट म्हणजे, ती लपवायची म्हणून मुलगी वार्षिक तपासणीच बंद करते. आम्ही पालकांना कळकळीने सांगू इच्छितो की, ही लाज वाटण्याजोगी गोष्ट नाही. तज्ज्ञांचा अहवाल हाती घेऊन दोन्ही कुटुंबांनी मोकळेपणाने बोलावे.

मातृत्वाबाबत अनेक गैरसमज आहेत. दुरुस्ती चांगली झालेली आणि जवनिकेची शक्ती शाबूत असलेली बहुतेक स्त्रिया गर्भारपण सुखरूप पार पाडतात. परंतु त्या नऊ महिन्यांत हृदयावर भार वाढतो, म्हणून तपासणी गर्भ राहण्यापूर्वी व्हावी. झडप बदलणे आवश्यक असेल, तर ते आधी उरकता येते. गर्भाला अपाय करणारी औषधे बदलता येतात. आईला वा वडिलांना हा दोष असल्यास अपत्यालाही हृदयदोष असण्याची शक्यता साधारण तीन ते पाच टक्के असते. इतरांत ती सुमारे एक टक्का असते. काही रुग्णांच्या बाविसाव्या गुणसूत्राचा अल्पसा तुकडा गळालेला असतो. त्यांच्या बाबतीत तो अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. रक्ताच्या तपासणीने हे कळू शकते. गरोदरपणी अठरा ते बावीस आठवड्यांच्या दरम्यान गर्भाच्या हृदयाची इको तपासणी करून घेतल्यास प्रसूती कोठे व्हावी, याची तयारी आधीच करता येते.

अठरा वर्षांचा उंबरठा

६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ आपल्या पालघरहून झाला, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. या कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत व शाळांत जाऊन बालकांची तपासणी करतात. जन्मजात हृदयदोष शोधून पुढील उपचारांची व्यवस्था करतात. यामुळे गरीब घरांतील असंख्य बालकांपर्यंत शस्त्रक्रिया पोहोचली. हा कार्यक्रम वयाच्या अठरा वर्षांपर्यंतचा आहे. बालहृदयरोगतज्ज्ञांची देखरेखही साधारण त्याच सुमारास थांबते.

आणि येथेच दोर तुटतो. तोवर तारीख आई लक्षात ठेवते, फाईल वडील सांभाळतात, प्रश्नांची उत्तरे तेच देतात. मुलगा कॉलेजला जातो, नोकरीसाठी शहर सोडतो आणि तपासणी मागे पडते. त्याला स्वतःला आपल्या दोषाचे नावही सांगता येत नाही. प्रौढांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलाच, तर तेथील बहुतेक रुग्ण रक्तवाहिन्यांतील अडथळ्यांचे असतात. जन्मजात दोष असलेल्या प्रौढांसाठी वेगळे विभाग मोठ्या शहरांतील काही रुग्णालयांतच आहेत. वर्षातून एक दिवस मोडून तेथवर जाणे मात्र अशक्य नाही.

यासाठी तयारी बारा-तेराव्या वर्षापासून करावी. मुलाला त्याच्या दोषाचे नाव आणि शस्त्रक्रियेचे वर्ष पाठ असावे. डॉक्टरांशी त्यालाच बोलू द्यावे. आईने शेजारी बसून ऐकावे. अठराव्या वर्षी फाईल त्याच्या हाती सोपवावी.

त्या फाईलमध्ये पुढील कागद असावेत: शस्त्रक्रियेत नेमके काय केले, याची सविस्तर नोंद; रुग्णालयातून घरी सोडतानाचा अहवाल; अलीकडचा ईसीजी, इको आणि एमआरआय; चालू औषधांची यादी; दंतोपचारापूर्वी प्रतिजैविक हवे की नको, याविषयीची चिठ्ठी. मूळ प्रती घरी ठेवाव्यात आणि त्यांची छायाचित्रे मोबाईलमध्ये जपावीत. मूळ कागद हरवले असतील, तर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयाच्या अभिलेख विभागाकडे नाव, वर्ष आणि असल्यास नोंदणी क्रमांक देऊन लेखी अर्ज करावा. कागद मिळाले नाहीत, तरी खचून जाऊ नये. नव्याने तपासण्या करून डॉक्टर बरेच काही जाणून घेऊ शकतात. कागद नाहीत म्हणून जायचे टाळणे, हे मात्र सर्वांत वाईट.

प्रारंभी उल्लेख केलेल्या त्या तरुणाची परदेशवारी लांबणीवर पडली आहे. त्याची झडप बदलण्याचे ठरले आहे आणि योजनेतून खर्च भागावा म्हणून कागदपत्रे दाखल झाली आहेत. त्याने आता स्वतःची नवी फाईल केली आहे. परवा तो भेटला, तेव्हा त्याने आपल्या दोषाचे नाव न अडखळता सांगितले. आई बाजूला उभी राहून ऐकत होती.

वाचकांना आमची एवढीच विनंती आहे. आपल्या घरात, शेजारी वा नातलगांत छातीवर असा व्रण असलेला कोणी असेल, तर त्याला आपुलकीने एकच प्रश्न विचारा: शेवटची तपासणी कधी झाली? उत्तर आठवत नसेल, तर त्याच्यासोबत दवाखान्यापर्यंत चालत जा.